उबेचा हमाल

"हात पुढं कर."

दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच. चहा नंतर, काम नंतर. हात पुढे केला की ते लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून चिमूटभर खडे काढायचे. पांढुरके, हरभऱ्याच्या डाळीएवढे. झाकण लगेच घट्ट. खडे तळहातावर, वर बाटलीच्या बुचातून जरासं पाणी. दगड गार, पाणी गार. तरी दोन श्वासांत तळहात असा तापायचा की भलेभले हात झटकायचे.

"आता सांग, चटका कुठनं आला?"

कुणी म्हणायचं चुना असेल. कुणी म्हणायचं जादू. शिकलेला असला तर केमिकल म्हणायचा. मिस्त्री तिघांनाही सारखंच हसायचे आणि खडे परत वाळवायच्या ताटलीत टाकायचे.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. पत्रकात माणूस चार ओळींत उरकावा लागतो: नाव, गाव, अन्याय, मागणी. मिस्त्रींवरही मी एक पत्रक लिहिलं होतं. त्या पत्रकानं त्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं त्यांच्या कुठल्या वैऱ्यानं केलं नाही. म्हणून हे पत्रक नाही, आणि याच्या शेवटी मागणीही नाही. मागायचं कुणासाठी? मिस्त्री गेले. मे महिन्यात, म्हसवडच्या पलीकडं एका वाडीवर, बहिणीच्या अंगणात, भर दुपारी. कागदावर हृदयविकार लिहिलाय. ऊन कुणाच्याच कागदावर नसतं.

मिस्त्री फ्रीज दुरुस्त करायचे. रहिमतपुरात, स्टँडच्या मागच्या बोळात, पत्र्याच्या दुकानात. शेजारी बाळू टायरवाला. दोघांची दुकानं चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून. मिस्त्री फ्रीजजवळ बसले की स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर नळी लावतो तसं. मग म्हणायचे, "ह्याला दम लागतोय," किंवा "हा नुसता कण्हतोय, आजारी न्हाई." दुरुस्त झालेल्या फ्रीजच्या पाठीवर खडूनं तारीख टाकायचे. स्वतः मात्र फ्रीजचं पाणी कधी प्यायचे नाहीत. दातांना सोसत नाही म्हणायचे.

आणि त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, थंडी कमी पडतीय," की ते हातातलं काम थांबवायचे.

"थंडी अशी काय वस्तूच नसती गड्या. आतली ऊब उचलायची आन भाईर नेऊन टाकायची, एवढंच. आमी उबेचे हमाल. हमाल दमला की तुला वाटतं थंडी गेली."

हे वाक्य ते हसत म्हणायचे. ज्या उन्हाळ्यात मुमताजआपाचा पाय गेला, त्यानंतर म्हणायचं थांबले.

मुमताजआपा त्यांची धाकटी बहीण. दिली होती म्हसवडच्या पलीकडच्या वाडीवर. नवरा गेलेला, मुलं पुण्याला, ती आणि तिच्या चार शेळ्या. साखरेचा आजार जुना, रोज इन्सुलिन टोचायची. मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेला एक छोटा फ्रीज तिला नेऊन दिला होता. त्यात दुसरं काही नसायचं. औषधाच्या बाटल्या आणि एखादं लिंबू.

त्या मे महिन्यात वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. अकरा दिवस लाईट नाही. पहिल्याच दिवशी आपानं भावाला फोन केला. मिस्त्री म्हणाले, "फ्रीज उघडू नगंस. बंद ऱ्हायला की गारवा टिकतोय." फ्रीजवाला कुणालाही हेच सांगतो, आणि एका दिवसाला ते खरंच असतं. दुसऱ्या दिवशी आपाचा फोनही बंद पडला, चार्ज करायला लाईट कुठली? मिस्त्रींना वाटलं, आली असेल लाईट. आणि आपानं भावाचं ऐकलं. अकरा दिवस. इंजेक्शनपुरतं दार किलकिलं करायची आणि लगेच लावायची. पत्र्याच्या खोलीत तो बंद डबा भट्टीसारखा तापत गेला. इन्सुलिन बिघडलं तरी दिसायला तसंच दिसतं, पाण्यासारखं स्वच्छ. ती मनोभावे टोचत राहिली. साखर चढत गेली. शेळ्यांमागं फिरताना पायात बाभळीचा काटा मोडला होता, ती जखम चिघळली. साताऱ्याला नेईपर्यंत पाय घोट्याच्या वरून काढायची वेळ आली होती.

मिस्त्रींनी हे मला एकदाच सांगितलं. सांगताना कुणाला दोष दिला नाही. मीच भडकले. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायला अकरा दिवस लावणाऱ्यांची नावं काढा, मी लिहिते, म्हणाले. ते म्हणाले, "लिही की. पण फोनवर 'उघडू नगंस' कोण म्हणलं, ते बी लिही."

आपाला रहिमतपूरला आणायचा प्रयत्न त्यांनी पुष्कळ केला. ती यायची नाही. "माझ्या शेळ्या तुझ्या बोळात बांधू व्हय, भाई?" मडक्यात बाटली ठेवायचं सुचवलं तर म्हणाली, मडकं गार राहायला त्यावर पाणी शिंपडावं लागतं, आणि आमच्याकडं टँकर आठवड्यानं येतो, तो पण आला तर. लाईट नको, पाणी फार नको, आणि तरी गार राहील असं काहीतरी पुढच्या उन्हाळ्याच्या आत पाहिजे होतं. एका फ्रीजवाल्याला विजेशिवाय गारवा पाहिजे होता.

तो त्यांना सापडला त्यांच्याच कचऱ्यात. प्रत्येक फ्रीजच्या नळीत तांब्याची एक बोटभर कुपी असते, तिला ड्रायर म्हणतात. गॅसमधला ओलावा शोषून घ्यायचं तिचं काम. जुनी कुपी कापून फेकायची, नवी जोडायची, हे मिस्त्री चाळीस वर्षं करत आले होते. आत साबुदाण्यासारखे दाणे असतात. एके दिवशी नव्या कुपीतले दाणे हातून सांडले, ओल्या फरशीवर पडले, आणि गोळा करताना गरम लागले. दुसरा कुणी असता तर झाडून टाकले असते. मिस्त्री ते दाणे कागदात बांधून एसटीनं साताऱ्याला गेले. तिथं एका कॉलेजात दगडांचा विषय शिकवणारे एक सर होते, त्यांच्यासमोर पुडी सोडली.

सरांनी सांगितलं, हे दाणे कारखान्यात बनतात, पण यांचा सख्खा भाऊ तुमच्या गावच्या काळ्या कातळात जन्मतो. विहीर खणताना पांढरे खडे निघतात ना, त्यातले काही. त्यांना झिओलाइट म्हणतात. त्यांच्या पोटात डोळ्याला न दिसणारी भोकंच भोकं असतात आणि त्या भोकांना कायम पाण्याची तहान. एका बंद भांड्यात हा वाळवलेला दगड ठेवा, दुसऱ्यात पाणी ठेवा, दोन्ही नळीनं जोडा आणि आतली हवा पार ओढून घ्या. दगड पाण्याची वाफ ओढत राहील, आणि वाफ होऊन जाताना पाणी आपल्यातली ऊब देऊन बसेल. गार पडेल. दगडाचं पोट भरलं की त्याला तापवा, तो पाणी सोडून देईल आणि पुन्हा तहानेला होईल.

मिस्त्री मला म्हणाले, "सर तासभर बोललं. मला एकच कळलं. दगड बी हमालच हाय."

माझी त्यांची गाठ पडली ती खडी क्रशरच्या फाटकावर. धुळीनं शेजारच्या वस्तीतली पोरं खोकत होती, मी पत्रकं वाटत होते. आतून एक म्हातारा पांढऱ्या दाढीवर धूळ घेऊन, खांद्यावर पोतं टाकून बाहेर आला. मला वाटलं मालकाचा माणूस. मी वाट अडवली.

"तुमी ह्या क्रशरवाल्याचे कोण?"

"भिकारी," ते म्हणाले. "फेकायचे दगड मागून आणतो. तुझ्या हातात काय हाय?"

मी पत्रक दिलं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सगळं वाचलं. असं कुणी वाचत नाही. वाचून घडी घातली.

"खरं हाय सगळं. फक्त 'नरसंहार' लिहिलंयस ते काढ. पोरं खोकत्यात. खोकत्यात असं लिही. खोकला ऐकू येतो माणसाला."

मला राग आला. त्यांनी पोतं खाली ठेवलं. "राग ऱ्हाऊ दे. हात पुढं कर."

त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली'. माझं नाव सुजाता आहे, ते त्यांनी कधी वापरलं नाही.

ते नेहमी दुसऱ्याचाच हात का मागतात, हे मला खूप दिवसांनी कळलं. गॅसच्या ज्योतीवर तांब्याच्या नळ्या जोडून, वर गॅस सुटून गोठवून, त्यांचे तळहात मेले होते. जुन्या चपलेच्या तळासारखे. गरम-गार काहीच कळायचं नाही. बायको होती तोवर चहा निवलाय का तेसुद्धा तिला विचारायचे. "माझं थर्मामीटर गेलं," बायको गेल्यावर त्यांनी एकदा चहाचा कप माझ्याकडं सरकवत म्हटलं. मी बोट लावून सांगितलं, प्या आता.

ठरवलेला उन्हाळा हातचा गेला; दोन वर्षं त्यांनी दगड गोळा केले. दुकानाच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांची रांग. प्रत्येकीवर खडूनं विहिरीच्या मालकाचं नाव. काही दगड दिसायला देखणे, काचेसारखे. मी एकदा तसला उचलला तर म्हणाले, "तो लबाड हाय. चमकतो, पीत न्हाई." सगळ्यात जास्त पिणारा दगड सगळ्यात कळकट होता, भाजलेल्या बटाट्याच्या सालीसारखा. तापवण्याचाही अंदाज ते चुकत चुकत शिकले. कमी तापवला तर पोटातलं पाणी निघत नाही. जास्त तापवला तर दगड मरतो. आतली भोकं ढासळतात, मग त्याला कधीच तहान लागत नाही. मेलेल्या दगडांचं एक वेगळं घमेलं होतं. त्याला ते कबरस्तान म्हणायचे.

पेटी तयार झाली. दिसायला काही नव्हती. जाड पत्र्याचा एक डबा दगडांचा, त्याखाली एक पाण्याचा, मध्ये तांब्याची नळी आणि चावी, पाण्याच्या डब्याभोवती थर्मोकोलचा कप्पा. दगडाचा डबा दिवसा आरशाच्या उन्हात नाहीतर चुलीच्या निखाऱ्यावर तापवायचा, चावी बंद करायची, निवू द्यायचा, मग चावी उघडायची. पहिल्यांदा चावी उघडली तेव्हा मी होते. अर्ध्या तासात पाण्याच्या डब्याला बाहेरून दव आलं. मिस्त्रींनी बाळूला हाक मारली, त्याचा हात धरून डब्याला लावला. "कसंय?"

"आयला मिस्त्री, विहिरीत उतरल्यागत वाटतंय."

त्या दिवशी मिस्त्रींनी ते जुनं वाक्य पुन्हा म्हटलं. आमी उबेचे हमाल.

एक गोष्ट मात्र त्यांना स्वतःला करता येत नव्हती. तांबं आणि पत्रा यांचा जोड. तो दुकानात पक्का होत नव्हता, हलला-आदळला की बारीकशी हवा आत घ्यायचा आणि पंप लावून पुन्हा ओढावी लागायची. ह्याला नीट स्टीलमध्ये, मोठ्या वर्कशॉपात बनवायला पाहिजे होतं. वाडीच्या आरोग्य उपकेंद्रासाठी सरकारनं मान्यता दिली, तर ते होणार होतं. उपकेंद्रातल्या सिस्टरनं अर्ज केला. मी जिल्ह्याच्या ठिकाणी इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला पाणी विचारायला लागला. शेवटी आरोग्य खात्याचे साहेब बघायला येतो म्हणाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी पत्रक काढलं. मथळा: 'दगडातून बर्फ!'

छापायच्या आधी मिस्त्रींना दाखवलं होतं. ते म्हणाले, "बर्फ लिहू नगंस. गार लिही. औषधाला गार पुरतं."

"गार म्हटलं तर कोण येतंय मिस्त्री? बर्फ म्हटलं तर येतील."

"आन बर्फ न्हाई झाला तर?"

"एकदा झाला होता ना, तुम्हीच म्हणालात."

"एकदा," ते म्हणाले. मी छापलं. पाच गावांत वाटलं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रहिमतपुरातलं प्रत्येक दुकान आपापली हत्यारं धुऊन पुजतं. मिस्त्री आणि बाळू हे चाळीस वर्षं मिळून करत आले. मिस्त्री पाने, हातोड्या, नळ्या कापायचं कटर मांडून द्यायचे, बाळू धुवायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूची फुलं वाहायचा, आणि नारळ दोघांत. यंदा मिस्त्री सकाळीच सिस्टरकडं वाडीला गेले होते, कागदांवर सह्या घ्यायला. बाळूनं ठेवणीतली किल्ली काढली, दुकान उघडलं, दरवर्षीसारखं सगळं धुतलं. कोपऱ्यात तेलाचा मोठा डबा होता, झाकणाला वर्तमानपत्र लावून बंद केलेला. आत दगड. परवाच्या प्रयोगासाठी मिस्त्रींनी चार दिवस उन्हात आणि निखाऱ्यावर वाळवलेले. बाळूनं विचार केला, यंदा मिस्त्रीचं खरं हत्यार हेच. दगडावर धूळ बसलेली. साहेब येणार. त्यानं डबा ओतला आणि टायर धुवायच्या पाईपनं एकेक दगड चोळून धुतला.

दगड सूं करत तापले, वाफ निघाली. बाळू हरखला. हात जोडले त्यानं. संध्याकाळी मिस्त्री आले तर बोळात दहा-बारा माणसं. ताटात दगडांची रास, हळदकुंकू, झेंडू. बाळू सांगत होता, "अजून कोमट हाय, हात लावून बघा."

मिस्त्री राशीसमोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. माझ्या तोंडून शिवी निघणार होती, त्यांनी माझं मनगट धरलं.

"लय स्वच्छ धुतलंस गड्या," ते बाळूला म्हणाले. "नारळ कुठाय?"

सगळे गेल्यावर मी म्हणाले, त्याला सांगा तरी, काय करून बसलाय ते. मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्षं त्यानं माझे पाने धुतलेत. आता सांगून दगड वाळणार हाय का? त्याला कळलं तर तो रडत बसंल, आन मग मला त्येचंच बघावं लागंल."

"मग साहेबांना तारीख बदलून मागू."

"तू मागून बघ."

मी फोन केला. पलीकडून सांगितलं, यानंतर साहेबांना वर्षाअखेरपर्यंत सवड नाही.

दसऱ्याला आभाळ भरून आलं. उन्हाचा उपयोग नव्हता. मिस्त्रींनी दुकानामागं लोहाराची भट्टी मागून आणली आणि सगळे दगड पत्र्यावर पसरून तापवायला घेतले. चार दिवसांचं काम एका दिवसात. मधूनच बाळू आपट्याची पानं घेऊन आला, दोघांनी एकमेकांना सोनं दिलं, गळाभेट झाली. मिस्त्री परत भट्टीकडं. दुपारनंतर घाई दिसायला लागली. ते सारखा भाता मारायचे. मी म्हणाले, जास्त तापतंय मिस्त्री. त्यांनी ऐकलं नाही. नेहमी मला अडवणारा माणूस त्या दिवशी कुणाचं ऐकत नव्हता. मी खाली वाकून बघितलं तर पत्र्याच्या बुडाशी दगडांचा रंग बदलला होता.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, असं मिस्त्री म्हणायचे, मी म्हणणार नाही. पेटी बंद केली, विजेच्या पंपानं हवा ओढली, चावी उघडली. काटा उतरत उतरत चौदा अंशांवर आला आणि थांबला. तासभर थांबला. खालचे दगड मेले होते.

"सर, बाहेर तेहेतीस आहे," मी म्हणाले. "तेहेतीसचं चौदा झालंय, लाईटशिवाय. हे ज्या बाईच्या घरात पाहिजे, तिथं मे महिन्यात..."

साहेबांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घडी उलगडली. "यात बर्फ लिहिलंय."

कुणीतरी मागं हसलं. साहेबही हसले, मोकळेपणानं. नियमानं आठ अंशांच्या खाली पाहिजे, म्हणाले. चहा घेतला, पेटीचं कौतुक केलं, गेले. महिन्यानं कागद आला. त्यात 'दावा' हा शब्द होता. दावा सिद्ध झाला नाही. मिस्त्रींनी कधी कुठला दावा केला नव्हता. तो शब्द माझा होता.

मी त्यांच्यासमोर बसले, म्हणाले, मी चुकले. ते एक जुना फ्रीज उघडून बसले होते. वर न बघता म्हणाले, "मी बी भाता जास्त मारला. तू तोंडानं मारलास. पाना दे तिथला."

थंडी गेली. बिचारे होऊन ते कधी बसले नाहीत, पण बोलणं आटलं. दुकानात येणाऱ्याला आता हात पुढं कर म्हणत नव्हते. फेल गेलेली पेटी म्हणून बोळातली पोरंसुद्धा चिडवायची. ते नवे दगड आणत होते, शांतपणे वाळवत होते. एप्रिलच्या शेवटी टेम्पोत पेटी घालून वाडीला गेले आणि आपाच्या घरी ठेवून तिथंच राहिले. "पेटी चालवायला माणूस लागतो," मला म्हणाले. "मान्यता न्हाई, तर हमाल तरी पाहिजे."

मे उजाडला आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळाला. तोच खांब, तोच ट्रान्सफॉर्मर. मी म्हसवडला वीज कार्यालयात ठाण मांडून बसले. उद्या, म्हणायचे. रोज उद्या.

पाचव्या दिवशी बाळूनं म्हसवडला येऊन माझ्याकडं सायकलचा पंप दिला. मिस्त्रींचा निरोप होता. टेम्पोच्या धक्क्यानं तो जोड तडकला होता, पेटीत हवा शिरत होती, आणि हवा ओढायचा पंप चालायला लाईट नव्हती. विजेशिवाय चालणारी पेटी विजेसाठी अडली होती. सायकलच्या पंपातला कातडी वायसर उलटा बसवला की तो हवा भरायच्या ऐवजी ओढतो. बाळूनं तो आधीच फिरवून ठेवला होता. "मिस्त्रीला सांग, नवं कातडं घातलंय. तेल लावलंय." मग जरा थांबून म्हणाला, "त्या दगडांचं मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं न्हाई. तू बी न्हाई." मी पंप स्कूटरला बांधला आणि अंधार पडायच्या आत वाडीला पोचवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा वाडीला गेले. अंगणात बाभळीची जेमतेम चाळण सावली. मिस्त्री पेटीशेजारी उभे, पंपाचा दांडा वर, खाली. ओठांत मोजत होते. शंभर झाले की जोडाला साबणाचं पाणी लावून बघायचे, मेण थापायचे, पुन्हा शंभर. अंगातला सदरा वाळून मिठानं पांढरा झाला होता. घाम येत नव्हता. मला तेव्हा ते समजलं नाही. आता समजतं.

आपा दारात खाटेवर बसली होती. कुबडी शेजारी. "भाई, बस की आता. सकाळधरनं चाललंय," ती मला सांगत होती, त्यांना ऐकू जाईल असं. "बाटली गार हाय म्हणते तर ऐकत न्हाई."

"थर्मामीटर?" मी विचारलं.

"उन्हानं आकड्यांचा पडदा काळा पडलाय त्येचा," मिस्त्री म्हणाले. आवाज कोरडा. त्यांनी पेटीच्या कप्प्यात हात घातला, इन्सुलिनची बाटली काढली. एकच होती. "मुमताज काय बी सांगती. तिला मी दमल्याचं बघवत न्हाई. पत्रकवाली, हात पुढं कर."

मी हात पुढं केला. त्यांनी बाटली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्या पाठीमागं आपानं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले.

बाटली कोमट होती. बाहेरच्या उन्हापेक्षा कमी, पण गार नाही.

गार हाय म्हणणं फार सोपं होतं. ते बसले असते. सावलीत गेले असते. आणि आपानं ते औषध टोचलं असतं, पुन्हा, मनोभावे.

"गार न्हाई मिस्त्री," मी म्हणाले. "कोमट हाय."

आपानं हात खाली घेतले.

"अंगाएवढी, का कमी?"

"कमी."

"मंजी थोडी हमाली झालीया." त्यांनी मान हलवली आणि पंपाचा दांडा धरला.

"मिस्त्री, थांबा. मी म्हसवडवरनं थर्मासात बर्फ घालून नवी बाटली आणते. दीड तासात येते. तोवर पंप ठेवा."

"आज आणशील. उद्या? परवा? तू तुझ्या मोर्चाला जाशील." हे ते चिडून म्हणाले नाहीत. हिशोबात जसं आहे तसं म्हणाले. "जा तू. मी तोवर बघतो जमतंय का."

मी आपाला म्हणाले, त्यांना आत घ्या. ती म्हणाली, "माझं कवा ऐकलंय?"

दीड तासानं मी थर्मास घेऊन आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्यानंतरचं सगळं कागदावर आहे, चुकीचं का होईना. आपा आता रहिमतपूरला मिस्त्रींच्या घरात राहते. शेळ्या विकल्या. फ्रीजच्या पाठीवर मिस्त्रींच्या हातची खडूची तारीख आहे, ती पुसू देत नाही.

पण मी जाताना, वाडीचा उतार संपतो त्या वळणावर, स्कूटरच्या आरशात एकदा बघितलं होतं. उन्हात सगळं थरथरत होतं. पंपाचा दांडा वर, खाली. आणि मुमताजआपा खाटेवरून उठून भावाच्या मागं आली होती, एका पायावर उभी, आणि दोन्ही हातांनी कुबडी उंच धरून, तिच्यावर टाकलेल्या चादरीची सावली त्यांच्या डोक्यावर धरत होती.